चुलीवर वाळवलेल्या काचा

जयवंताने काचेच्या कडेला नख लावलं आणि गोंदाची पांढरी पट्टी सायीसारखी सुटून वर आली. तिने ती ओढली. पट्टी न तुटता कोपऱ्यापर्यंत आली, वळली आणि तिच्या बोटाला लोंबकळत राहिली.

"अगं काय करतेस?" तिची जाऊ सुरभी ओसरीवरून ओरडली. "टेंपो दारात उभा हाय!"

जयवंताने दुसरं सौर पॅनेल पुढे ओढलं. त्याचीही कड सुटली. तिसरं उजेडाकडे धरलं. काचेच्या आतल्या बाजूला, निळ्या सेलांवर, बारीक दव धरलं होतं.

पॅनेलं बचत गटाच्या बायकांनी हाताने केली होती. कुंभिवलीकडच्या सौर पॅनेलच्या एका शेडमध्ये जयवंताने उमेदीची वर्षं पॅकिंगमध्ये घालवली. ती शेड बंद पडली तेव्हा कोपरे उडालेले सेल भंगारात निघाले. ते मागून आणण्याची कल्पना तिचीच. सेल तारेने एकमेकांना जोडायचे, वर काच, मागे जाड प्लास्टिक, आणि चारही कडा सिलिकॉनच्या गोंदाने बंद करायच्या. आत पाणी जाता कामा नये, एवढंच त्यातलं अवघड. बाकी सगळं बायकांना रांगोळीसारखं जमलं.

पण पाऊस लवकर आला आणि लागून राहिला. धुतलेल्या काचा वाळेनात, लावलेला गोंद सुकेना. तेव्हा जयवंताच म्हणाली होती, "चुलीवरच्या माळ्यावर ठेवू या."

कोणीही हेच म्हणालं असतं. चुलीच्या वर कामट्यांचा माळा असतो. त्याच्यावर सुकट, चिंच, बियाणं, पावसाळ्याची लाकडं ठेवतात. तिची आई ठेवायची, सासू ठेवायची. ओलं काही हाती आलं की इथल्या बाईचा हात आपोआप तिकडे जातो. काचा तिथे वाळल्या, पॅनेलंही तिथेच सुकली. खाली भात शिजत होता, बोंबील भाजले जात होते. काचेवर धुराचा तेलकट हात फिरला. गोंद धरला तो त्या धुराला, काचेला नाही. आणि भाताची वाफ आत जाऊन बसली.

"माज्याच हातानं," जयवंता म्हणाली. "माज्याच हातानं क्येलं मी हे."

टेंपोतून नवनाथ उतरला. सुरभीचा मुलगा. अंगात पांढरा शर्ट, बगलेत गुंडाळलेला बॅनर. त्यावर गटाच्या नावापेक्षा त्याचा चेहरा मोठा होता.

"काकी, चला ना लवकर. फोटोवाला पायथ्याशी येऊन बसलाय. वर ठाकरवाडीत हार-नारळ सगळं तयार हाय."

"नाय न्यायची ही."

"काय झालं?"

तिने सुटलेली पट्टी त्याच्यासमोर धरली. नवनाथने ती पाहिलीच नाही. त्याने एक पॅनेल उचललं, ढगाळ उजेडात तिरकं धरलं आणि त्याच्या तारेला बल्ब लावला. बल्ब मिणमिणला.

"लागतोय ना? मग?"

"आज लागंल रं. आत पानी हाय. तारेचे जोड सडतील. सडला जोड की तापतो, ठिनगी पडते. आता वाडीतली छपरं ओली हायेत. दिवाळीला गवत खडखडीत वाळंल, तवा?"

"काकी," नवनाथ हसला, "दिवाळीपर्यंत कोण बघतंय?"

हेच हसू जयवंताने पूर्वी पाहिलं होतं. फार्महाऊसवाल्याला जमीन विकताना तिच्या दिराचं, म्हणजे याच्या बापाचं. "वहिनी, इथं सही करा, बाकीचं आमी बघतो." तिने केली होती. शेडमध्ये सुपरवायझर म्हणायचा, हात चालव, तोंड नको. तिने हात चालवला होता. नवरा गेला तेव्हाही लोक म्हणाले, जयवंता शहाणी, आवाज नाही केला. आयुष्यभर सगळ्यांनी तिचं याच गोष्टीसाठी कौतुक केलं.

अंगणाच्या कडेला सोनुबाई उकिडवी बसली होती. पॅनेलं पायथ्यापासून वर न्यायला ती आणि तिचा मुलगा पोशा पहाटेच वाडीतून खाली आले होते. वाडीपर्यंत विजेचे खांब गेले, तार कधी गेली नाही. जयवंता तिच्याकडे वळली. हिला कळेल, असं तिला वाटलं.

"सोनुबाय, तूच सांग. तुज्या छपरावर बसवायचं हाय. आग लागली तर?"

सोनुबाई तंबाखू मळत होती. ती थांबली.

"दिवाळीचं मला सांगू नको, बाय. मला आजचं सांग." तिचा आवाज चढला. "गेल्या पावसात जना भुईवर निजली व्हती. माजी सून. मन्यार चावली. अंधारात काय चावलं ते बी कळलं नाय. काटा म्हनली, निजली परत. पोशानं पाठीवर घेऊन खाली आनली तवर थंड." तिने तंबाखू टाकून दिली. "आग लागली त दिसंल. साप दिसत नाय. दे तो दिवा."

पोशा खाली मान घालून पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिला.

ओढा चढला की वाडीची वाट बंद होते, हे जयवंताला माहीत होतं. आज दिवे वर पोचले नाहीत, तर पावसाळाभर पोचणार नव्हते.

"बघ," नवनाथ म्हणाला, "त्यांना चालतंय. तुझं काय जातंय?" आणि तो पॅनेलं टेंपोत भरू लागला.

"ठेव खाली."

"काकी, तमाशा नको."

"खाली ठेव म्हनते ना!"

शेजारपाजारची दारं उघडली. जयवंताचा एवढा आवाज कोणी ऐकला नव्हता, तिने स्वतःही नाही. तिने गोंद कापायचं पातं उचललं, टेंपोच्या फाळक्यावर चढली आणि पहिलं पॅनेल उलटं करून मागचं प्लास्टिक कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत चिरलं. खालच्या तारा तुटल्याचा बारीक आवाज आला. मग दुसरं.

"येडी झालीस काय!" सुरभीने तिचा पदर ओढला. "आमच्या बी हातचं हाय ते! डोळे फुटले माजे तारा जोडताना!"

"फुटू दे! माजे बी फुटलेत!" जयवंता चिरत राहिली. "माज्या हातनं कुनाचं घर जाळनार नाय मी. फोटो पायजे ना? माजा काढ. हा असा काढ!"

नवनाथने एक घाणेरडी शिवी हासडली आणि बॅनर टेंपोत फेकला. एकही पॅनेल शाबूत राहिलं नाही तेव्हा ती खाली उतरली. हाताला कापलं होतं. ते तिला नंतर कळलं.

तिचं बरोबर होतं का, हे ठामपणे सांगणं कठीण आहे. सोनुबाईचंही चूक नव्हतं.

जयवंता घरात गेली आणि आपली मोठी बॅटरी घेऊन आली. "ही ने. चार्जिंगची हाय. पाऊस उघडला की नवीन करून मी सोता वर आनून देते."

सोनुबाईने बॅटरी हातात घेतली, उलटीसुलटी केली.

"आन चार्जिंग कुटं करू? तुज्या चुलीवर?"

तिने ती ओसरीवर ठेवली. आपटली नाही, ठेवली. "चल रं पोशा," म्हणाली आणि निघाली. चहाचं कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी ती थांबली नसती.

टेंपोतला माल अंगणात टाकून नवनाथ गेला. गटाच्या बायका पुटपुटत पांगल्या. जयवंताने बादलीत राख कालवली आणि काचा एकेक करून घासायला बसली. राखेचं पाणी कापलेल्या बोटाला झोंबत होतं. समोर बांधावरून पोशा पुढे चालला होता, मागे सोनुबाई. ओझ्यासाठी केलेली जुन्या लुगड्याची चुंबळ तिच्या डोक्यावर तशीच राहून गेली होती. चुंबळीवर काही नव्हतं. बांध अरुंद झाला तिथे तिचा एक हात सवयीने वर गेला आणि तोल सांभाळत तसाच वर राहिला.