पत्र्याखालची लोकर

तुम्ही पत्र्याची भट्टी बांधलीत आणि तिच्यावर 'व्यायामशाळा' असं रंगवलंत. तुम्ही म्हणजे कोण, हे तुम्हाला बराबर ठाऊक आहे. चोरी होईल म्हणून एकही खिडकी ठेवली नाही. मग आत अंधार झाला, तर ऐन छताखाली हॅलोजन टांगले. सेनगावच्या वैशाखात, पत्र्याखाली, भर दुपारी हॅलोजन! ही अक्कल स्वतःच्या घरावर का नाही चालवलीत?

त्या भट्टीत पुंजाजी धनगराची अंजली दोरीच्या मल्लखांबावर चढायची. सकाळी पोरींना पाणी भरायचं असतं, संध्याकाळी हॉल पोरांचा. पोरींच्या वाट्याला उरते दुपार. आणि दोरीवर जितकं वर जावं तितकी हवा तापलेली. जिल्ह्याच्या संघाची निवड जवळ आली होती, म्हणून अंजली रोज वर जायची. एके दुपारी दोरीच्या शेंड्याला तिला भोवळ आली. शिकवणारे रत्नपाल सर खालीच उभे होते, त्यांनी कशीबशी झेलली.

नर्मदाबाईनं लेकीच्या कपाळावर ओलं फडकं ठेवलं आणि नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "बस झालं. निवड गेली चुलीत. मला माझं लेकरू पाह्यजे."

अंजली भिंतीकडं तोंड करून पडली होती. रडत नव्हती. पायाच्या अंगठ्यात गोधडीचं टोक धरून, दोरीवर घालतात तशी आढी, पायाची पकड, घालत होती, सोडत होती, परत घालत होती. पुंजाजीनं ते पाहिलं आणि त्याला काही जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो कातरलेली लोकर पोत्यात कोंबायला लागला.

"हे कुठं चालवलं?" नर्मदाबाईनं विचारलं.

"पोरीच्या डोक्यावर घालतो."

"उन्हाळ्यात मेंढरं कातरता, आन् पोरीवर लोकर घालता व्हय? डोकं ठिकाण्यावर हाय का?"

"पोरीवर न्हाई, पत्र्याखाली. मी घोंगडी पांघरून माळावर उभा राहतो, तवा ऊन आत येतं का?"

रत्नपाल सर हसले नाहीत. दोघांनी मिळून तुराट्यांचे, वाळल्या तुरीच्या काड्यांचे, तट्टे पत्रा तोलणाऱ्या लोखंडी कैच्यांखाली बांधले, वर लोकर दाबून बसवली. लोकरीजवळ दिवे नकोत म्हणून हॅलोजन उतरवले. सरांनी भिंतीच्या वरच्या अंगाच्या विटा काढून जाळ्या बसवल्या. उजेड आला, वारा आला. हॉल गार वाटू लागला.

पण चूक झाली, आणि ती पुंजाजीचीच. त्यानं लोकर धुतलीच नव्हती. घोंगडीच्या लोकरीत थोडा चिकटा, मेंढीच्या अंगचं तेल, राहू द्यायचा, म्हणजे पावसाचं पाणी धरत नाही, ही त्याच्या बापाची शिकवण. इथं पत्रा तापला, चिकटा पाघळला आणि दोरीवर उतरला. अंजलीची पकड सुटली, ती घसरत खाली आली, तळहात सोलून निघाले. हॉलभर मेंढरांचा वास सुटला, बाकीच्या पोरींनी नाकाला ओढण्या लावल्या.

"अंजे, तुझं छत बें बें करून राहिलं गं!"

घरी येऊन ती बापावर तडकली. "बा, तू काहून मधात पडलास? आता समद्या मला मेंढी म्हणून राहिल्या!"

पुंजाजी तसाच उठला. गेला, सगळी लोकर खाली काढली आणि विहिरीवर आणून रिठ्यात भिजवली. त्याचं ते चोळणं बघून नर्मदाबाईला राहवेना. "सरका तिकडं. तुमाला धुणं कधी जमलंय?" पदर खोचून तीच बसली. निवडीला चुलीत घालणारी बाई, पण हात थांबत नव्हते. उन्हं कलल्यावर अंजली आली. तळहातांना हळद लावून चिंध्या बांधलेल्या. ती बापाला खेटून बसली.

"वास गेला का बघ," पुंजाजीनं मूठभर लोकर पुढं केली.

तिनं अख्खं तोंड त्यात खुपसलं. "थोडा हाय."

"मंग परत धुतो."

"राहू दे, बा. तुझ्या अंगाला येतो तसाच हाय."

पुंजाजी उठून उगाच रहाट ओढायला लागला.

वाळलेली लोकर परत चढली, दोर नवा बांधला. हात भरून आल्यावर अंजली वर गेली. नर्मदाबाई दारात डोळे मिटून उभी. शेंड्यावरून हाक आली, "माय, डोळे उघड की! इथं बरं वाटून राहिलं!"

आणि मग तुम्ही आलात. जीपमधून उतरलात, रुमालानं मान पुसलीत, आत शिरलात आणि रुमाल खिशात ठेवलात. तो खिशात का गेला, याचा विचार तुम्ही केला नाही. वर बघून म्हणालात, "सरकारी इमारतीत परवानगीशिवाय फेरबदल! हा कचरा उद्याच्या उद्या काढा. जाळ्या बुजवा. हॅलोजन होते तसे लावा."

रत्नपाल सर बोलायला गेले, तुम्ही हात दाखवून गप्प केलंत. पोरी भिंतीला लागल्या. अंजली दोर धरून उभी होती, सोडत नव्हती.

पुंजाजी पुढं झाला. आवाज चढवला नाही.

"काढतो साहेब. तुमचा हुकूम. फकस्त उद्या दुपारी या. पोरगी वर चढल, तुमी दोरीखाली उभे राहा. आन् तुमाला ती झेलता न्हाई आली, तर तिच्या मायला मी काय सांगायचं? ते मात्र आत्ता सांगून जा. बोला, साहेब."