कपिलची गादी

मले कोणी चांगला माणूस म्हणलं की माहं डोकं फिरते. अन् आर्णीच्या बाजारात लोकं मले आजही चांगला म्हणतात, तेही नेमकं त्या कामासाठी, ज्याची मले लाज वाटते. "रहेमानभाईनं बाजार वाचवला." वाचवला म्हणे! खाक वाचवला.

मी गादीवाला. माहा आजा धनुकलीनं कापूस पिंजे, मी मशीननं पिंजतो. उन्हाळ्यात लोकं जुन्या गाद्या आणतात. आम्ही खोळ उसवतो, गठळ्या झालेली रुई मशीनमधून फिरवतो, पुन्हा भरून टाके मारतो. ही गोष्ट त्या सालची, जवा कापसाचा भाव पार मातीत गेलता. घराघरात कापूस छतापर्यंत पडून होता. विकून काही भेटत नाही तं निदान गाद्या भरून घेऊ म्हणून लोकं सरकी काढलेली रुई घेऊन माह्या दुकानापुढं रांग लावत. सारं गाव रडून राह्यलं अन् माहं दुकान चालून राह्यलं. त्याचीही मले तवा थोडी लाज वाटे. पण ती लाज काहीच नाही.

कपिल माहा शाळेतला दोस्त, किसनराव मास्तरचा एकुलता एक. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. दोस्त म्हणलं की लोकं जेवढं समजतात तेवढंच नव्हतं ते. आता सांगतोच आहो तं नीट सांगतो. मले तो आवडे, अन् त्याले मी. पुढं माहा हलीमाशी निकाह झाला, तीन लेकरं झाली. तो पुण्याले गेला, शिकला, अन् ज्या गोष्टीले म्या कुलूप लावलं तिच्यावरच त्यानं जाडजूड प्रबंध लिहिला. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, तेही आपल्याच गावातले, बाजारातले. विद्यापीठानं त्याले डॉक्टर केलं. मैनाकाकूनं, त्याच्या मायनं, पेढे वाटले. कोणी विचारलं कायचा डॉक्टर, तं म्हणे, "पुस्तकाचा."

तो परत आला तो एड्सचं काम घेऊन. जिनिंगच्या फाटकावर ट्रक थांबत, तिथं हा स्टुलावर उभा राहून ड्रायव्हर-हमालांले सांगे. हात मिळवल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही. डास चावल्यानं होत नाही. दुसऱ्याचं अंथरूण-पांघरूण घेतल्यानं होत नाही. आधी स्वतः म्हणे, मंग सगळ्यांकडून पाढ्यासारखं म्हणवून घे. पोट्टे हसत. एकानं त्याच्यावर मूठभर सरकी फेकली तं हा म्हणे, "फेक, फेक, सरकीनंही होत नाही." असा येडा, भैताड माणूस! अन् एक दिवस त्याच स्टुलावरून सांगून मोकळा झाला, "मले स्वतःले आहे हा रोग."

मले तपासणीले यवतमाळले तोच घेऊन गेलता. चिठ्ठी येईपर्यंत माहा हात धरून बसला. माह्यात काही निघालं नाही तं माह्याआधी तोच रडला. दुपारी दुकानात येई, रुईच्या ढिगावर बसे अन् नव्या पुस्तकासाठी माही गोष्ट लिहून घे. "नाव टाकशील तं मुंडकं पिरगाळीन," म्या म्हणलं.

"नाव बदलतो बे," तो म्हणे, "पण धंदा राहू दे. गादीवाला म्हणून तं राहशील ना पुस्तकात?"

म्या हो म्हणलं. मले बरं वाटलं होतं, खोटं कायले बोलू.

वैशाखात तो खाटेवर पडला. त्या रोगावर टीबी. पंधरा दिवसांनी मैनाकाकू सायकलरिक्षात गादी टाकून दुकानात आल्या. "रहेमान बाबू, गठळ्या पाठीत रुतून राह्यल्या त्याच्या. कातडी सोलली. सांजेपर्यंत पिंजून देशील का? तो म्हणते, रहेमानच्या हातची मऊ असते."

"ठेवा काकू. सांजेले मीच आणून देतो," म्या म्हणलं. अन् देणारच होतो. खोळीचे चार टाके उसवलेही होते.

शेजारी खेमसिंगचं चहाचं हॉटेल. तिथं सदाशिवराव कापडवाले बसले होते. त्यांच्या लेकीच्या लग्नाच्या गाद्या माह्याकडेच होत्या. ते उठून आले. "रहेमान, ही मास्तरच्या पोराची गादी ना? याच मशीनमधून काढशील, अन् मंग माह्या लेकीची रुईही त्याच मशीनमधून? परत पाठव ती." आठ-दहा जण जमा झाले.

मले सगळं पाठ होतं हो! चारच वाक्यं. चौथं तं नेमकं अंथरुणाचंच. फक्त तोंड उघडायचं होतं. तेवढ्यात खेमसिंग किटली हातात घेऊन हसत म्हणला, "अरे, तो तं रहेमानचा जिगरी. दुपार दुपार इथंच बसलेला राहे. काय बे, काय चाले तुमचं?"

लोकं हसले. साधीच थट्टा होती, खेमसिंग सगळ्यांचीच करते. पण मले वाटलं, यानं ओळखलं. "कायचा जिगरी?" म्या ओरडलो. "येऊन बसे, हाकलता थोडी येते? माहं काय घेणं-देणं त्याच्याशी!" अन् ते दाखवून द्यायले म्या गादी खांद्यावर घेतली, नाल्याच्या काठी नेऊन टाकली, घासलेट ओतलं अन् काडी लावली. कोणीही 'जाळ' म्हणलं नव्हतं, हे ध्यानात ठेवा. सदाशिवराव फक्त परत पाठव म्हणत होते. जाळली ती म्या.

गच्च भरलेली गादी भडकत नाही, धुमसते. ती सांजेपर्यंत धुमसली. साऱ्या पेठेत वास. लोकांनी माही पाठ थोपटली. मैनाकाकूचं घर नाल्यापासून पाचवं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातली चांगल्यातली चांगली रुई काढली, नवी गादी भरली अन् घेऊन गेलो. मागच्या गल्लीतून गेलो, हेही सांगून टाकतो. कपिल चटईवर पडला होता, पाठीखाली काकूचं घडी केलेलं लुगडं. काकू मले पाहून आत निघून गेल्या.

"जुनी कुठं आहे?" कपिलनं विचारलं.

"सडली होती रे आतून. कामाची नव्हती."

"वास आलता मले," तो म्हणला. मंग म्हणे, "म्हण बरं, कायनं कायनं होत नाही?"

"कपिल, जाऊ दे ना."

"म्हण बे."

म्या म्हणलं. हात मिळवल्यानं होत नाही. एका ताटात जेवल्यानं होत नाही. डास चावल्यानं होत नाही. चौथ्यापाशी मी अडलो. तो वाट पाहत राह्यला. ते पुरं म्हणेपर्यंत त्यानं माह्यावरची नजर हलवली नाही.

"पाठ आहे तुले," तो म्हणला. "मले वाटलं विसरला असशील. विसरला असता तं बरं झालं असतं."

उशाखालून त्यानं फाइल काढली. अकरा पानं वेगळी केली अन् माह्या हातात दिली. "ही तुही गोष्ट. पुस्तकातून काढली. आता कोणाले काही समजत नाही, बिनधास्त राहा."

"राहू दे ना पुस्तकात," म्या म्हणलं. वर्सभर मलेच भीती होती अन् आता मीच गयावया करून राह्यलो होतो. "गादीवाला म्हणून राहू दे."

"म्या ज्याच्याबद्दल लिहिलं त्यानं ती गादी जाळली नसती, रहेमान. खोटं कसं छापू?"

म्या त्याले उचलून नव्या गादीवर ठेवलं. सारी हाडं हाताले लागली. "मऊ आहे," एवढंच म्हणला. नवव्या दिवशी गेला. मयतीले सात-आठच माणसं होती, तिथंही मी सगळ्यांच्या मागं उभा राह्यलो.

काकूनं गादी त्याच रिक्षात परत पाठवली. रिक्षावाल्यानं निरोप सांगतला, "दुकानातच ठेव म्हणतात. जाळू नको म्हणतात."

म्या खोळ उसवली, ती अकरा पानं रुईच्या मधात घातली अन् टाके मारले. गादीवाल्याले काही लपवायचं असलं तं दुसरी जागा कोणती? मंग ती गादी ओट्यावर टाकली. तवापासून सारा बाजार तिच्यावर बसते. सदाशिवराव बसतात, त्यांचा नातू तिच्यावर कोलांट्या मारते. खेमसिंग तं दुपारी आडवाच होते. कोणाले काही झालं नाही. मी रोज सकाळी दुकान उघडताना ठरवतो, आज सांगून टाकतो.

परवाच खेमसिंग लोळता लोळता म्हणला, "काय मऊ भरली बे ही! आहे कोणाची? इतके वर्सं झाले, न्यायले कोणी येत नाही."

म्या तोंड उघडलं. खुदा कसम, उघडलं होतं.

"आहे एक गिऱ्हाईक," म्या म्हणलं. "येईल न्यायले."