खवणीवरचा संसार

मी खवणी बोलतेय. नारळ खवायची. फणसाच्या लाकडाचं बूड, पुढे वाकलेली लोखंडी मान आणि तोंडभर दात. श्रीलंकेतल्या गॉल शहरात एका लोहारानं मला घडवलं आणि सोमलताच्या आईनं मला लेकीच्या पाठवणीच्या सामानात घातलं. "जावई शिकलेला आहे," ती म्हणाली होती, "पण शिक्षणानं काही कालवण दाट होत नाही."

जावई म्हणजे विमलसेन. पर्यटकांना गॉलचा किल्ला दाखवायचा, तोही फाडफाड जर्मन बोलत. पाहुणे घरी जेवायला यायचे, तेव्हा ऐकून ऐकून मलाही ती भाषा कळायला लागली. पैसा बरा होता. मग नारळाच्या दुधाची पावडर पुडीतून घरात शिरली आणि माझी रवानगी फळीवर झाली. कोळ्यानं माझ्या दातांत संसार थाटला.

पुढे ते वाईट वर्ष आलं. देशाची तिजोरी आटली, पर्यटक गेले, गॅस गेला, पेट्रोलच्या रांगेत माणसं जेवू-झोपू लागली. पुडीचा भाव ऐकून सोमलता दुकानातच "बुदु अम्मो!", म्हणजे "अगं बाई गं!", म्हणाली आणि घरी येऊन तिनं मला खाली काढलं.

विमलसेन रिकामा बसून मोबाइल चाळायचा. 'व्हिडिओ बघा, घरबसल्या कमवा' अशा कुठल्याशा योजनेत त्यानं आठ हजार भरले. थोडे व्हिडिओ बघून झाले आणि योजनाच दिसेनाशी झाली.

"अहो, काम देणारा पगार देतो," सोमलता म्हणाली. "पैसे मागणारा काम कसलं देणार?"

शेवटी एजंट आला. कतारमध्ये ड्रायव्हरची नोकरी. शनिवारपर्यंत हो म्हणायचं आणि कर्ज काढून त्याची फी भरायची. त्या दिवसापासून सोमलताचं बोलणं कमी झालं आणि सगळा जोर ती माझ्यावर काढू लागली. खोबऱ्यात करवंटीही उतरायची.

जाण्याआधी एक शेवटचा प्रयत्न म्हणून विमलसेननं जुन्या जर्मन पाहुण्यांना फोनवरून किल्ल्याचा इतिहास सांगायचं ठरवलं. पसंत पडलं तर पुढच्या वेळी पैसे. त्यानं टाय बांधला. पण फोन उभा राहीना. मग त्यानं मला स्टुलावर चढवलं आणि फोन माझ्या मानेला टेकवला. इतिहास सुरू झाला. फोनमधले पाच चेहरे ऐकत होते, त्यातले दोन जांभया देत.

इतक्यात सोमलता आली. "माझी खवणी कुठाय?"

"शूः! थेट चालू आहे."

"किल्ला शेकडो वर्षं उभा आहे, आणखी तासभर उभा राहील. माझी चूल विझतेय! लाकडं काय तो तुमचा एजंट आणून देणार?"

तिनं मला ओढलं. फोन घसरला, भाताच्या पातेल्याला टेकला आणि नेमका तिच्याकडेच बघू लागला.

"काय म्हणाल्या त्या?" सत्तरीच्या हेल्गाबाईंनी फोनमधून विचारलं.

"आपलं स्वागत करतेय."

"नारळ उगारून?"

सोमलता माझ्यावर बसली आणि खवायला लागली. जांभया थांबल्या. तोंडाचा पट्टा चालूच होता, आणि विमलसेन घाम पुसत भाषांतर करत होता.

मध्येच ती थबकली. "मी एवढं बोलले आणि तुम्ही दोन शब्दांत उरकलंत? उरलेलं कुठे ठेवलंत?"

बिचाऱ्यानं मुकाट्यानं खरं भाषांतर केलं. पाचही जण डोळे पुसेपर्यंत हसले. "इतिहास राहू द्या," हेल्गाबाई म्हणाल्या. "ह्यांचा स्वयंपाक शिकवा. रागावण्यासकट."

आणि बाईंनी महिन्याची फी लगेच धाडली, इतरांनाही धाडायला लावली. शुक्रवारी पैसे बँकेत आले. कतारच्या पगाराच्या पासंगालाही पुरत नव्हते.

"सोमे, एवढ्यात काय होणार?" विमलसेन म्हणाला.

"तिथला पगार मोठा, पण वर्षभर तो कर्जच खाणार. हे थोडे आहेत, पण आपले आहेत. आधी तांदूळ, लाकडं आणि आपल्या लेकीची शाळा. उरतील ते माझ्याकडे राहतील. तुमच्या हाती दिले तर व्हिडिओ बघायला जातील."

"आणि वर्ग बंद पडला तर?"

"तर तेव्हा जा. आज नारळ सोला."

तो अंगणात गेला. खवायला काही नव्हतं, तरी ती माझ्यावर बसून राहिली. पदरानं नाक पुसलं आणि मग एजंटला फोन लावून नाही म्हणून सांगितलं.

आता दिवस पालटलेत. विमलसेन पुन्हा किल्ला दाखवतो, पण वर्ग काही सुटला नाही. परवा हेल्गाबाई स्वतः आल्या. माझ्यावर बसल्या. मी दात-ओठ खाऊन पेललं, म्हणजे दातच खाल्ले, ओठ मला नाहीत. जाताना बाईंनी मला विकत मागितलं, तेही युरो मोजून. विमलसेनचे डोळे लकाकले.

"दुभतं जनावर कुणी विकतं का?" सोमलता म्हणाली.

विमलसेननं निमूटपणे त्याचं शब्दशः भाषांतर केलं.

तुमच्याही फळीवर माझी एखादी बहीण दात विचकून पडली असेल, तर तिला खाली काढा. ती पैसे मिळवून देईल असं मी म्हणत नाही. असं म्हणणाऱ्यांपासून जपूनच राहा. खोबरं मात्र देईल. फक्त बसताना जरा बेतानं बसा. तिचंही वय झालं असेल.