मनकर्णाबाईचा इतवार

"थांब नं वं रीते, मान हालवू नोको! डोळ्यात गेली तं माह्या नावानं बोंबलशील," म्हणत मनकर्णाबाईनं माझ्या टाळूवर मेंदीचा असा गार गोळा थापला की मी किंचाळलेच. मागे रांगेत साठ पोरी, सगळ्या फिदीफिदी हसताहेत. आणि ऐका ना, हसण्यासारखं काही नव्हतंच, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी न्हावी येणार होता.

म्हणजे झालं असं. मी तेव्हा नववीत, एटापल्लीकडच्या एका आश्रमशाळेत. मनकर्णाबाई तिथली कामाठी. झाडू, पाणी, भांडी हे तिचं काम. पोरींची डोकी तिच्या कामात लिहिलेली नव्हती, पण बावीस वर्षं तीच बघायची. आमच्या बोअरच्या पाण्यात लोखंड इतकं की बादल्या लाल व्हायच्या, आणि केस? नुसता झाडू! म्हणून तिनं शाळेच्या कुंपणाला मेंदी लावली होती. पानं वाटायची, आवळ्याची पूड आणि चहाचं पाणी घालून लोखंडी घमेल्यात भिजत ठेवायची, वरून जास्वंदाच्या पानांचा चिकट रस. धुवायला रिठा. केस असे मऊ व्हायचे की रिबीन टिकायची नाही, घसरून पडायची.

अधीक्षिका मॅडम नवीन होत्या. वाईट नव्हत्या हां. उवांनी एका पोरीचं डोकं पिकलं तेव्हा त्यांनीच तिला स्कूटीवर बसवून दवाखान्यात नेलं. परत आल्या आणि म्हणाल्या, "सोमवारी सगळ्यांचे बॉयकट."

आम्ही रडलो. मनकर्णाबाई पदर खोचून थेट ऑफिसात.

"एक इतवार द्या मॅडम. उवा बी काढतो अन् रेशीम बी करून देतो."

"आणि नाही झालं तर?"

"मंग कापा."

"बारीक फणी मी स्वतः फिरवणार," मॅडम म्हणाल्या. "जिच्या केसांत अडकेल तिचे जातील. मग रडारड चालणार नाही."

आता बुधरीचं सांगते. पहिलीतली पोर, सहा वर्षांची, भामरागडच्याही पलीकडची. त्यांच्या माडिया बोलीशिवाय एक शब्द येत नव्हता. न्हावी येणार हे कळलं तशी ती जेवेनाच. शेवटी पाचवीतल्या जैनीनं तिला विचारून सांगितलं, "बाई, हिच्या घरी आजा मेला तवा सगळ्यायचे केस उतरवले होते. हिले वाटते आई मेली, अन् आपण लपवून राह्यलो."

मनकर्णाबाईनं बुधरीला जवळ ओढलं. "नाई वं माय, तुही आई हाय. बरी हाय." पण नुसतं सांगून पोर मानते का? तिच्या गावात फोनही लागत नव्हता. "तुमचे गेले तं वाढतील," मनकर्णाबाई मला म्हणाली, "पण हिचे नाई गेले पायजे."

म्हणून रविवारी पहिला नंबर बुधरीचा. मनकर्णाबाईचं माडिया म्हणजे पोरींकडून उचललेले पंधरा-वीस शब्द. मेंदी थापली, वर पळसाचं पान बांधलं, आणि अर्धं हातवाऱ्यांनी, अर्धं शब्दांनी बजावलं, कोणाले हात लावू देऊ नोको. म्हणजे पोरींनी खेळ करू नये म्हणून. बुधरीनं मान हलवली.

दुपारी आम्ही दोघी तिचं डोकं धुवायला गेलो आणि ती जी पळाली! न्हाणीघर बघितलं, खाटांखाली बघितलं, नाल्यापर्यंत जाऊन आलो. हाका मारून मारून मनकर्णाबाईचा गळा बसला. दिवस कलला तेव्हा ती सापडली, धान्याच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांमागे. दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून. मेंदी वाळून खापरासारखी झालेली. तीनदा धुतलं, गरम पाणी, रिठा, सगळं केलं. केस हातात तुटून येत होते आणि उरलेल्यांचा गुंता झाला होता.

"काऊन लपली वं?"

जैनीनं विचारलं. मग चाचरत म्हणाली, "बाई, ते म्हणते, तुमीच सांगतलं. कोणाले हात लावू द्याचा नाई."

मनकर्णाबाईनं हातात आलेले तुटके केस पदरात गुंडाळले. मग म्हणाली, "माह्यं आयकलं, म्हणून फसलं लेकरू."

सोमवारी हेमराज न्हावी बाजाराच्या गावाहून आला, कडुनिंबाखाली खुर्ची मांडून बसला. मॅडमनी फणी घेतली. पहिल्या पोरीचे केस, सर्र! दुसरीचे, सर्र! मॅडमच हसायला लागल्या, "अगं, घातलंय तरी काय यात?" आम्ही बाकी सगळ्या सुटलो. बुधरीच्या केसांत फणी अडकली. मॅडमनी थोडी खालून फिरवली. अडकली. एकदम टोकापासून, हळूच. तरी अडकली.

"मनकर्णाबाई," त्या दुसरीकडे बघत म्हणाल्या, "ठरलं होतं आपलं."

बुधरी रडली नाही. नुसती फाटकाकडे बघत उभी राहिली.

मनकर्णाबाईनं अंबाडा सोडला. तिचे मोकळे केस आम्ही कधीच बघितले नव्हते. कमरेखाली, काळेभोर, उन्हात तांबूस. ती जाऊन खुर्चीत बसली.

"पह्यले माहे काप. बॉयकट."

"सकाळी सकाळी मस्करी करता का बाई?" हेमराज म्हणाला.

"अहो, तुमचे कशाला?" मॅडम पुढे आल्या. "तुम्हाला कुठे नियम आहे?"

"चुकी माही हाय मॅडम. जैने, सांग हिले. म्हणाव, मनकर्णाबाईच्या घरी कोणी मेलं नाई. तरी कापून राह्यली."

मशीन सुरू झालं. अर्धं डोकं झालं तेव्हा ती अशी दिसायला लागली, काय सांगू, अर्धवट सोललेलं कणीस! तिनं बुधरीकडे बघून जीभ बाहेर काढली. बुधरीनं आधी तिच्याकडे बघितलं, मग जमिनीवर पडलेल्या केसांकडे, मग खुदकन हसली. आणि मनकर्णाबाई उठल्यावर, कोणी न सांगता, स्वतःच खुर्चीवर चढून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी भरायला गेले तर मनकर्णाबाई पायरीवर बसलेली. तिनं बाटलीतून नेहमीसारखं तळहातभर तेल घेतलं. डोक्यावर एकदा हात फिरवला, झालं. तळहात तसाच भरलेला. थोडा वेळ ती त्या हाताकडे बघत राहिली. मग बुधरीला हाक मारून जवळ बसवलं आणि उरलेलं तेल तिच्या भेगाळलेल्या टाचांना चोळत बसली.