दोनदा सोडलेला ओळंबा

दोन दिवसांपासून बायकोचं इन्सुलिन बंद होतं आणि गवंड्याचं डोकं पाणी पडलेल्या चुनकळीसारखं खदखदत होतं. ती तांब्यावर तांबे पाणी पीत होती, तरी जीभ टाळूला चिकटत होती.

सुई बंद करवली तिच्या धाकट्या भावानं. तो मणके बसवायचा. अंगातलं प्रत्येक दुखणं सरकलेल्या मणक्यातून उगवतं, ही त्याच्या गुरूची शिकवण. बहिणीच्या पाठीचा एक्स-रे खिडकीला धरून त्यानं नवव्या मणक्यावर लाल पेन्सिलीनं फुली मारली होती. "साखर इथं अडकलीय, ताई. मी मोकळी करतो. सुई सोड." गवंडी ओरडला, डॉक्टरीणबाई ओरडल्या, पण पाठचा भाऊ तो पाठचा भाऊ!

आज सकाळी गवंड्यानं ती फुली ओल्या फडक्यानं पुसली, कोपऱ्यातल्या बायकोच्या नावावर पट्टी चिकटवली आणि तिला घेऊन मेहुण्याची खोली गाठली.

"माझ्या बिगाऱ्याचा एक्स-रे आहे. दम लागतो त्याला."

मेहुण्यानं डोळे बारीक केले आणि तिसऱ्या मणक्यावर फुली मारली. "हा बघा चोर! दमा इथूनच."

गवंड्यानं पट्टी ओरबाडली. "वाच नाव."

मेहुण्याचं तोंड उतरलं. पण हटेल तर शपथ. "दाजी, मणके रोज सरकतात."

"आणि एक्स-रे पण सरकतो होय रे? परवाचाच आहे हा! चाळीस वर्षं भिंती बांधतोय मी. भिंत सरळ आहे का बघायला ओळंबा दोनदा सोडतो. दोनदा दोन जागी पडला, तर भिंतीला नावं ठेवत नाही, आपला हात तपासतो. तुझ्या चोळण्यानं कुणाची कंबर मोकळी होत असेल, खुशाल चोळ. हिच्या साखरेत बोट घालशील तर याद राख!"

"शंभर वर्षांची विद्या आहे ही!"

"शंभर वर्षं कुणी दोनदा बघितलंच नाही, म्हणून टिकली!"

बायकोनं एक्स-रे मांडीवर घेतला. "नववा की तिसरा?" तिनं भावाला विचारलं.

तो लाल पेन्सिल खिशात घालू लागला.

मग ती नवऱ्यावर उलटली. "आणि तुम्ही? ही अक्कल परवा कुठं चरायला गेली होती?"

भावानं पाण्याचा पेला पुढं केला. तिनं तो हातानं मागं सारला.

"पाणी पुरे. उठवा मला. दवाखान्यात चला."