सालासकट

“कडू निघाली तर?”

“तर मी कडू म्हणा, काकडी नाही!”

सासऱ्यांनी काकडी सदऱ्याला पुसली, कटकन मोडली, अर्धी तोंडात टाकली आणि अर्धी समोरच्या बाईंपुढे धरली. “सालासकट खा.”

दर रविवारी इमारतीच्या फाटकाशी टेम्पो लागला की हा प्रयोग ठरलेला. बाईही ठरलेल्या. निवृत्त मुख्याध्यापिका, प्रत्येक काकडी उलटीसुलटी करून बघणाऱ्या. सासरे त्यांना ‘तपासणीबाई’ म्हणत, अर्थात टेम्पोतल्या टेम्पोत.

टेम्पोच्या फळीवर सून बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. धूळ, माशा, हॉर्न, सगळ्यावर तिचा डोळा. एक गोष्ट मात्र ती बिनघोर बाळाच्या हातात देई: घरची काकडी. त्याला दात येत होते, हिरड्या शिवशिवत. बाळ तुकडा चोखत बसे.

माल संपत आला आणि फोन वाजला. बांधाशेजारचा शेतकरी होता. सासऱ्यांनी फोन स्पीकरवर ठेवला, ऐकू कमी येई म्हणून.

“दादा, काल संध्याकाळी कोबीवर औषध मारलं. वारा तुमच्या वेलांकडे होता हो. सांगायचं राहूनच गेलं.”

सासऱ्यांनी वळून बाळाच्या तोंडात बोट घातलं, तुकडा काढला आणि नातवाचं रडणं ऐकत उभे राहिले.

सुनेने बाळाचं तोंड पुसलं, धुतलं, पुन्हा पुसलं. “बाबा, तुम्ही तर सकाळपासून खाताय! मळमळत नाही ना?”

“मला काय होतंय? या हाडांना कीडसुद्धा विचारत नाही.” ते फाटकातून आत निघाले.

“बाबा, लोक धुऊनच खातात...” तिच्या तोंडून निघून गेलं. वर्षभर उन्हातान्हात उभं राहून जोडलेली गिऱ्हाइकं एका सकाळीत जायची. सासऱ्यांनी मागे पाहिलं नाही. वाक्य पुरं करायला तिची जीभही रेटेना.

“काकडी परत आणा हो! खाऊ नका! काकडी परत!”

खिडक्या उघडल्या. वॉचमन हसला, “काका, उलटा बाजार?” तिसऱ्या मजल्यावरून कोणी ओरडलं, “दुसरीकडे जास्त भाव लागला वाटतं!” सासरे प्रत्येकाला तेच सांगत राहिले: शेजारी फवारणी झाली, वारा आमच्याकडे होता, मला ठाऊक नव्हतं. पैसे परत, काकड्या पोत्यात.

तपासणीबाई सर्वांत शेवटी आल्या. हातात वाडगं, त्यात चिरलेली काकडी. “म्हणजे इतके दिवस आम्हाला काय खाऊ घातलंत?”

“मी खाल्लं तेच. आजसुद्धा.”

बाईंनी वाडगं पुढे केलं. सासऱ्यांनी वाडगं पोत्यात रिकामं केलं, फाटकाजवळच्या नळावर घासून घासून धुतलं, सदऱ्याला पुसायला गेले, थबकले, आणि तसंच ओलं बाईंच्या हातात दिलं.

घरी पोचल्यावर त्यांनी वेलावरची सगळी फळं तोडून खड्ड्यात पुरली. सून दिवसभर बाळाच्या कपाळाला हात लावत राहिली. बाळ ठणठणीत होतं. संध्याकाळी तिने सासऱ्यांच्याही कपाळाला हात लावला. “ताप नाही गं, उन्हाचं आहे,” म्हणून ते हसले.

पुढच्या रविवारी विहिरीपलीकडच्या तुकड्यातली गाजरं घेऊन टेम्पो लागला. फाटकाशी चिटपाखरू नव्हतं. वॉचमननेही पेपरमध्ये डोकं घातलं.

“निघायचं का, बाबा?” सुनेने हळूच विचारलं.

सासऱ्यांनी गाजर धुतलं, मोडलं, अर्धं खाल्लं. उरलेलं अर्धं हातातच राहिलं.

जिन्यात चपला वाजल्या. तपासणीबाई खाली आल्या. हातात तेच वाडगं.

“पिशवी सापडेना,” त्या गाजरांच्या ढिगाकडे न बघताच म्हणाल्या. “यातच घाला.”

सासऱ्यांनी आधी हातातला अर्धा तुकडा वाडग्यात ठेवला.