बेताची गाडी

फोन आला तेव्हा तो जुन्या गाड्या विकणाऱ्याच्या आवारात, एका छोट्या गाडीत लेकीच्या शेजारी बसला होता. लेक स्टिअरिंग धरून मान उंचावत होती.

"बाबा, मला रस्ता कमी आणि आभाळच जास्त दिसतंय!"

तो हसत असतानाच फोन वाजला. बायकोच्या दुकानाशेजारचा दुकानदार होता. "वहिनी मशीनवर बसल्या बसल्याच... तुम्ही लगेच या."

ते पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

बायको कपडे शिवायची. तिच्या हातचा कपडा घातला की माणूस आरशासमोरून हलायचा नाही. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत तिच्या नजरेने माप घेतलेलं असायचं. टेप नुसती गळ्यात. लेकीचे कपडे मात्र तिने कायम वाढत्या अंगाचे शिवले. पोरीला लांबच्या इस्पितळात नर्सची नोकरी लागली, अवेळी ड्युटी आली, शेवटची बस चुकू लागली, तेव्हा बायकोच म्हणाली होती, "कपडा वाढत्या अंगाचा चालतो, गाडी नाही. बेताचीच बघा. तिची तिला वळवता यावी, पेट्रोल पाजताना घाम फुटू नये. आणि माझ्यासारखी बुटकी आहे ती. उशी मी करते. सीट बघून या, मग जाडी ठरवू."

महिन्याने ते पुन्हा त्याच आवारात गेले. या वेळी पोरीचा मामा सोबत होता.

"दाजी, ही गाडी आहे का साबणाची डबी? ती तिकडची मोठी घ्या. पोरगी होईल तयार हळूहळू."

"मामा, तू मागे बसू नकोस, म्हणजे झालं. टायर बसतील," पोरगी म्हणाली.

मेहुण्यापुढे तो आजवर कधी बोलला नव्हता. "वाढत्या अंगाची नको," तो म्हणाला.

मामाला काही उमगलं नाही. पोरीला उमगलं. तिने तोंड फिरवलं आणि बाजूचा आरसा उगाचच नीट केला.

छोटी गाडी दारात आली. पहिल्याच वळणावर पोरीने ती अशी अलगद घेतली, की त्याला बायकोची कात्री आठवली.

दुकान आवरायला तो त्यानंतर गेला. इतके दिवस त्याला वाटत होतं, ती गिऱ्हाइकाचं काम करताना गेली. मशीनच्या सुईखाली गाडीच्या सीटवरची उशी होती. तीन बाजू शिवलेल्या, चौथी स्पंज भरायला उघडी. सुईत दोरा तसाच.

त्याने सीट मोजली, स्पंज कापून आणला, आत भरला. नेमका बसला.

पोर अजून चादरीची घडी खाली घेऊन गाडी चालवते. उशीची चौथी बाजू शिवायची राहिली आहे.